हरभऱ्याचें ताट आणि संतांची पंगत

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राज्यारोहणाचे शक हेच उभे राहतात. ज्या रयतेच्या बळावर त्या लढाया झाल्या, ती रयत त्या दिवशीं काय जेवली होती हें बखरकारानें लिहून ठेवलेलें नसतें, आणि तें विचारण्याची कोणास जरूरही वाटत नाहीं. परंतु कागदांनीं न सांगितलेली गोष्ट कधीं कधीं चुलीवरचें भांडें सांगतें. व राजवटी बदलल्या तरी भांड्यांतल्या जिनसांचीं नांवें सहसा बदलत नाहींत. इटलीच्या दक्षिण टोंकाकडील एका साध्या पदार्थाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों, ती ह्याच समजुतीनें. ह्या पदार्थाच्या नांवांत मुख्य शब्द दोनच. त्यांपैकीं एक लॅटिन घराण्यांतला, तर दुसरा अरबी भाषेंतून आलेला. पदार्थ मूळचा गरिबाघरचा. परंतु वर्षांतून एके दिवशीं तिकडील कित्येक गांवांत गरिबालाच संत मानून आसनावर बसवितात, आणि घरधनी उभा राहून त्याला वाढतो. हा पदार्थ कोणाचा, आणि ही पंगत कोणासाठीं, हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसतात. त्यांचें उत्तर मात्र एकच आहे असें आम्हांस वाटतें, आणि तें कां वाटतें हें सांगण्यासाठींच हा लेख.

वाचकांनीं इटलीचा नकाशा आठवावा. समुद्रांत शिरलेल्या त्या बुटाची जी टांच, तिला सालेंतो म्हणतात. लेच्चे हें तेथील मुख्य शहर; ओत्रांतो, ब्रिंदिसी व तारांतो हीं आसपासचीं जुनीं बंदरें. ह्यांपैकीं तारांतोचें नांव महाराष्ट्रांतील कांहीं घरांत निराळ्याच कारणानें ऐकिवांत असण्याचा संभव आहे. कारण सप्टेंबर १९४३ मध्यें आठवें हिंदी डिव्हिजन ह्या बंदरांत उतरलें, व पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण त्यांत होती. सालेंतोची जमीन चुनखडीची, माती तांबडी, आणि मोठी म्हणावी अशी नदी एकही नाहीं. गहू, ऑलिव्ह, द्राक्षें आणि कडधान्यें हीच ह्या प्रांताची पिढ्यान्‌पिढ्यांची दौलत. अशा भूमींत जो पदार्थ जन्मास येईल तो पंचपक्वान्नांपैकीं नसणार हें उघड आहे.

त्याचें नांव 'चीचेरी ए त्रिया'. चीचेरी म्हणजे हरभरे; तेही आपण ज्यांना काबुली म्हणतों तसे मोठे व फिकट. ते रात्रभर भिजत घालतात, आणि दुसरे दिवशीं 'पिन्याता' नांवाच्या मातीच्या भांड्यांत शिजवितात. हें भांडें विस्तवावर ठेवीत नाहींत, विस्तवाच्या कडेला टेकवून ठेवतात. त्याचे दोन्ही कान एकाच बाजूला असतात, म्हणजे जाळावरून हात न नेतां तें उचलतां येतें. हरभरे असे तासन्‌तास मंद आंचेवर सावकाश मऊ होतात. तिकडे बाई कठीण गव्हाचें रवाळ पीठ नुसत्या पाण्यांत घट्ट भिजविते. अंडें त्यांत घालीत नाहींत. आपल्याकडे शेवयांसाठीं जो बन्सी गहू घेतात त्याच जातकुळीचा हा गहू. पोळी लाटून तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापावयाच्या, हीच त्रिया. येथवर ऐकून मराठी वाचकाला आपल्या वरणफळांची आठवण होईल, व ती अगदींच अस्थानीं होणार नाहीं. पण पुढें एक विशेष आहे. ह्या पट्ट्यांपैकीं तिसरा-चौथा हिस्सा बाजूला काढून तो ऑलिव्हच्या तेलांत तांबूस होईपर्यंत तळतात. उरलेल्या पट्ट्या उकडून हरभऱ्यांत मिसळावयाच्या, आणि शेवटीं त्यांवर तळलेल्या कुरकुरीत पट्ट्या घालावयाच्या. ज्यांना मांस विकत घेण्याचें सामर्थ्य नव्हतें त्यांच्या दांतांना ह्या तळणानें मांसाचा भास होत असे, असें म्हणतात. एकाच पिठाचे दोन पदार्थ करून ते पुनः एकत्र आणण्याची ही युक्ति कोणा राजाच्या मुदपाकखान्यांत सुचलेली नव्हे. ज्या घरांत आज जिन्नस कमी, आणि तोच उद्यांही, अशा घरांतच ती सुचते.

आतां नांवांकडे वळूं. 'चीचेर' हा इटालियन उच्चार. प्राचीन रोमन लोक ह्याच शब्दाचा उच्चार 'किकेर' असा करीत. ह्या क्षुद्र धान्यानें रोमच्या इतिहासांत एक मोठें नांव देऊन ठेवलें आहे. सुप्रसिद्ध वक्ता सिसेरो ह्याच्या घराण्याचें नांव हरभऱ्यावरून पडलेलें. त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खांच होती, म्हणून तें नांव पडलें, असें प्लुटार्क लिहितो. प्लिनीच्या मतें त्या घराण्यांतील कोणी हरभऱ्याची शेती उत्तम करीत असे. सिसेरो राजकारणांत पडला तेव्हां हें हिणकस नांव बदलावें असा स्नेह्यांनीं त्याला सल्ला दिला, पण त्यानें तो मानिला नाहीं. उलट, इ. स. पूर्वीं ७५ मध्यें सिसिलींत अधिकारावर असतांना त्यानें देवाला चांदीचें भांडें वाहिलें, त्यावर आपलीं पहिलीं दोन नांवें अक्षरांनीं कोरविलीं, आणि तिसऱ्या नांवाच्या जागीं कारागिराकडून एक हरभरा काढून घेतला, असें प्लुटार्कच सांगतो. नांवाची लाज वाटावी असें जगानें ठरविलें होतें. ती न वाटूं देण्याचें त्यानें ठरविलें.

ह्याहूनही आमच्या विषयाला जवळचा साक्षी म्हणजे होरेस कवि. तो इ. स. पूर्वीं ६५ मध्यें व्हेनुसिया येथें जन्मला. अपुलिया आणि लुकानिया ह्या दोन प्रांतांच्या सीमेवरचें हें गांव; आज त्यास वेनोसा म्हणतात. त्याचा बाप एके काळीं गुलाम होता, पुढें मुक्त झालेला. हें जन्मकुळ होरेसनें कधीं लपविलें नाहीं. आपल्या उपरोधिक काव्यांच्या पहिल्या पुस्तकांत तो आपली दिनचर्या वर्णितो. मोठ्या पदाची हांव नसल्यामुळें मी वाटेल तेथें एकटा हिंडतों, बाजारांत भाजीचा आणि पिठाचा भाव विचारतों, आणि संध्याकाळीं घरीं येऊन साधें जेवण जेवतों, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ आहे. त्या जेवणांत तीन जिन्नस आहेत: लीक नांवाची कांद्यासारखी भाजी, हरभरे, आणि 'लगानुम'. लगानुम म्हणजे पिठाची पातळ लाटलेली पोळी. आजही वेनोसाच्या आसपास, बासिलिकाता व कालाब्रिया ह्या प्रांतांत, रुंद पट्ट्यांना 'लगाने' म्हणतात व त्या हरभऱ्यांबरोबरच शिजवितात.

येथें मोह आवरला पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वींचा कवि आणि आजचें ताट ह्यांमध्यें एक सरळ रेघ ओढून 'हाच तो पदार्थ' असें म्हणणें गोड आहे, व तसें म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु प्राचीनांची लगाना पाण्यांत उकडीत असत असें दाखवितां येत नाहीं. ती तेलांत तळीत असत असा उल्लेख मात्र अथेनिअस ह्या ग्रीक ग्रंथकारानें उतरून घेतलेल्या एका पाककृतींत सांपडतो. तेव्हां होरेसच्या ताटाचें आजच्या ताटाशीं नातें आहे, पण तें नातवाचें आजोबांशीं असतें तसें: ठेवण ओळखूं येते, परंतु मधल्या पिढींत दुसऱ्या घरची सून आली आहे हेंही स्पष्ट दिसतें.

ही सून म्हणजे 'त्रिया'. हा शब्द अरबी 'इत्रिय्या' ह्यापासून आला, आणि अरबांनींही तो ग्रीकांच्या 'इत्रिऑन' ह्या शब्दावरून घेतला. ग्रीकांमध्यें त्याचा अर्थ तीळ व मध घातलेली एक वडी असा होता. नवव्या शतकांतील ईशो बार अली नांवाच्या सीरियन वैद्यानें आपल्या कोशांत इत्रिय्या म्हणजे रव्याचे दोऱ्यासारखे ओढलेले, वाळवून मग शिजविण्याचे तुकडे, असा अर्थ दिला आहे. म्हणजे एका भाषेंतून दुसरींत जातां जातां वडीची शेवई झाली. अरबांनीं सिसिली जिंकण्यास ८२७ मध्यें आरंभ केला. सालेंतोच्याच उत्तरेस बारी शहरांत ८४७ पासून ८७१ पर्यंत त्यांची एक लहानशी अमीरी नांदली. पुढें नॉर्मन आले. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर ह्याच्या पदरीं अल्-इद्रीसी हा मुसलमान भूगोलवेत्ता होता. त्यानें ११५४ मध्यें पुऱ्या केलेल्या ग्रंथांत पालेर्मोजवळील त्राबिया गांवाचें वर्णन आहे. तेथें पाणचक्क्या पुष्कळ असून इत्रिय्या फार मोठ्या प्रमाणांत तयार होते, आणि ती गलबतें भरभरून कालाब्रियांत, तसेंच मुसलमानांच्या व ख्रिस्त्यांच्या मुलुखांत रवाना होते, असें तो लिहितो. ख्रिस्ती राजाच्या आज्ञेनें मुसलमान पंडितानें लिहिलेल्या ह्या चार ओळी इटलीच्या सुक्या शेवयांच्या व्यापाराचा फार जुना आधार आहेत. १३०० च्या सुमारास नेपल्सच्या दरबाराशीं संबंध असलेल्या एका लॅटिन पाकग्रंथांत 'जेनोवाची त्रिया' म्हणून एक प्रकार दिलेला आहे. त्यावरून हा शब्द तोंवर उत्तरेपर्यंत कसा पसरला होता तें कळतें. मार्को पोलोनें चीनहून शेवया आणिल्या ही कथा अजूनही ऐकूं येते. पण तो परत आला १२९५ मध्यें; इद्रीसीचा ग्रंथ त्याच्यापूर्वीं सुमारें दीडशें वर्षांचा आहे.

म्हणजे ह्या एका ताटांत रोमन शेतकऱ्याचा हरभरा, ग्रीकांपासून निघालेला अरबी शब्द, आणि स्थानिक ऑलिव्हचें तेल एकत्र नांदत आहेत. हें नांदणें नेहमींच सलोख्याचें होतें असें मात्र नाहीं. ३० मार्च १२८२ रोजीं, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं, पालेर्मो येथें आंजूचा राजा शार्ल ह्याच्या फ्रेंच अंमलाविरुद्ध सिसिलीच्या लोकांनीं उठाव केला, व फ्रेंचांची कत्तल उडाली. इतिहासांत ह्याला सिसिलीची सायंप्रार्थना म्हणतात. संशयिताला हातांत हरभरे दाखवून 'हें काय?' असें विचारीत. ज्याला 'चीचिरी' असें म्हणतां येई तो वांचे, आणि ज्याच्या फ्रेंच जिभेला तो 'च' साधत नसे तो मारला जाई, अशी दंतकथा आहे. दंतकथेचें खरेंखोटें करणें अवघड असतें. पण लोकांनीं ती सातशें वर्षें जपली ह्याचा अर्थ काय? एकाच दाण्यानें माणसें ओळखून वेगळीं काढतां येतात, हें त्यांना ठाऊक होतें. आणि ज्या दक्षिण इटलीनें ही कथा जपली तिनेंच त्या दाण्याभोंवतीं माणसें एकत्र बसविण्याची रीतही जपली. तिच्याकडे आतां वळूं.

ही रीत १९ मार्चची. हा दिवस येशूचा पालक पिता सुतार योसेफ ह्याचा. ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळांत हा सण येतो, म्हणून त्याच्या ताटांत मांस नसतें. मार्चचा मध्य म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं तंगीचा काळ: मागल्या हंगामाचें धान्य संपत आलेलें, नवा गहू हातीं यावयास अजून दोन-तीन महिने. अशा वेळीं घरांत जें उरतें तें पीठ, कडधान्य आणि तेल. आणि ह्या तिहींचेंच हें ताट आहे. नवव्या पोप पायसनें १८७० मध्यें संत योसेफाला सर्व कॅथलिक चर्चचा पालक म्हणून जाहीर केलें. परंतु सालेंतोच्या शेतमजुराला तो अशा जाहीरनाम्यामुळें जवळचा वाटला असें नव्हे. हातानें काम करणारा, बायकापोरांना घेऊन परक्या मुलुखांत आसरा शोधणारा, म्हणून तो त्याला आपल्यांतला वाटला.

सालेंतोंतील जुर्दिन्यानो, पोज्जार्दो, मिनेर्विनो, उज्जानो अशा गांवांत ह्या दिवशीं घरोघरीं 'संत योसेफाचीं मेजें' मांडतात. 'घरोघरीं' म्हणजे सरसकट नव्हे. दुखणेकरी बरा झाला, मुलगा युद्धावरून परत आला, अशा कारणानें ज्यानें नवस केला असेल तो मेज मांडतो. मेजाभोंवतीं बसणारांना 'संत' म्हणतात. त्यांची संख्या नेहमीं विषम: कमींत कमी तीन, जास्तींत जास्त तेरा. तीन असतील तर योसेफ, मरिया आणि बाल येशू; अधिक असतील तर मरियेची आई आन्ना, बाप योआकीम, एलिझाबेथ, जखऱ्या, योहान अशी मालिका वाढत जाते. योसेफ बहुधा म्हातारा माणूस असतो, मरिया मुलगी, आणि येशू लहान पोर. पूर्वीं ह्या जागा गांवांतील गरिबांसाठीं असत. प्रत्येक संतापुढें एकसारख्या वस्तु मांडावयाच्या: कित्येक किलो वजनाची कड्यासारखी मोठी पाव-रोटी, तेल, दारू, बडीशेपेचे हिरवे कंद, संत्रें, आणि शिजविलेले अनेक पदार्थ. त्यांत तळलेले मासे असतात, 'लांपाशोनी' नांवाचे कडवट रानकांदे असतात, मध घातलेल्या शेवया असतात, आणि हरभऱ्यांची त्रिया तर हवीच. पाद्री मेजाला आशीर्वाद देतो. मग जेवण सुरू होतें. परंतु एका पदार्थावरून दुसऱ्याकडे केव्हां जावयाचें हें यजमान ठरवीत नाहीं. योसेफ झालेला माणूस आपल्या काठीनें किंवा ताटावर काटा वाजवून खूण करतो, तेव्हांच पुढचा पदार्थ घ्यावयाचा. प्रत्येक जिन्नस थोडा चाखावयाचा, आणि आपल्या वांट्याचें उरलेलें सर्व अन्न संतानें घरीं न्यावयाचें. इकडे मोठ्या कढयांत शिजविलेली हरभऱ्यांची त्रिया शेजारपाजाऱ्यांना आणि दाराशीं येईल त्याला वाटली जाते.

आसपासच्या गांवांत ह्याच सणाचे आणखी प्रकार आहेत. तारांतोकडील सान मार्त्सानो हें गांव पूर्वीं आलेल्या आल्बानियन लोकांचें. तेथें १८ मार्चला लाकडांची मोठी मिरवणूक निघते आणि संध्याकाळीं होळी पेटते. सिसिलींत सालेमी येथें पावांनीं सजविलेल्या वेदी मांडतात, आणि तिकडे शेवयांवर किसलेल्या चीजऐवजीं पावाचा भाजलेला चुरा घालतात. हा योसेफाच्या करवतीखालचा भुसा, असें लोक हौसेनें सांगतात. सिसिलीचे जे लोक पोटासाठीं अमेरिकेस गेले त्यांनीं ही चाल न्यू ऑर्लीन्सपर्यंत नेली.

ह्या विधींतील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ती काठी. अन्नदान जगांत सर्वत्र आहे. आमच्याकडे अन्नछत्रें आहेत, वारीच्या वाटेवर गांवोगांव वारकऱ्यांना पंगती वाढतात. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत लग्नापूर्वीं गेलेल्या पितरांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवूं घालण्याची चाल असून तिला 'भिकाऱ्यांचें जेवण' असेंच म्हणतात. परंतु दानांत एक अडचण असते. देणारा उंच होतो आणि घेणारा ठेंगणा. घेणाराच्या घांसाबरोबर मिंधेपणाही पोटांत जातो. सालेंतोच्या शेतकऱ्यांना ही अडचण कळली होती असें त्यांच्या विधीवरून दिसतें. त्यांनीं घेणाराला भिकारी म्हटलें नाहीं, संत म्हटलें. आणि नुसतें नांव देऊन न थांबतां त्याच्या हातांत काठी दिली. जेवणाची गति त्यानें ठरवावयाची, आणि धन्यानें त्याच्या खुणेची वाट पाहावयाची. होरेस आपल्या साध्या जेवणाचा अभिमान सांगतांना, तें जेवण तीन पोरें वाढतात असेंही सांगून जातो. तीं पोरें गुलाम होतीं. गुलामाच्या मुलानें स्वातंत्र्याचें गुणगान करावें आणि त्याच ताटाशीं तीन गुलाम उभे असावे, ह्यांत त्या काळाला विसंगति दिसली नाहीं. त्याच हरभऱ्याच्या ताटाशीं पुढें केव्हां तरी उभा राहणारा धनी झाला आणि बसणारा दरिद्री झाला. ह्या पालटाचा दिवस कोणत्याही बखरींत नोंदलेला नाहीं. तरी आमच्या मतें तो एखाद्या लढाईहून कमी महत्त्वाचा नव्हता.

परंतु येथेंच एक कठोर प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. वर्षांतून एक दिवस ज्याला संत म्हणावयाचें, त्याला बाकीचे तीनशें चौसष्ट दिवस काय म्हणावयाचें? दक्षिण इटलींतील जमीन शतकानुशतकें मोठ्या जमीनदारांच्या हातीं होती. मजूर पहांटे चौकांत येऊन उभा राही, मुकादम त्याला पारखी, आणि काम मिळालें तर त्या दिवसाची चूल पेटे. १८६१ मध्यें इटली एक झाली. तेव्हां झालेल्या बंडाळ्यांत कितीएक शेतकरी रानांत शिरले, आणि लोक अजूनही लगाने-हरभऱ्यांना 'बंडखोरांचें ताट' म्हणतात. त्यानंतरच्या अर्धशतकांत लाखों लोक बोटींत बसून परदेशीं गेले. एका दिवसाच्या पंगतीनें मजुरीचा दर वाढत नाहीं. तो वाढला तो मजुरांच्या संघटनांनीं. आणि जमिनीची वांटणी झाली ती १९५० च्या कायद्यानें. तेव्हां ही चाल म्हणजे श्रीमंतांनीं आपल्या मनाची केलेली समजूत होती, असें कोणी म्हणेल तर त्याचें म्हणणें सर्वस्वीं खोडून काढतां येणार नाहीं.

आमचें उत्तर इतकेंच, कीं मेजें मांडणारे सगळे श्रीमंत नव्हते. नवस करणाराला साहित्य जमविण्यासाठीं पुष्कळदां शेजाऱ्यांची मदत घ्यावी लागे, आणि ज्या घरीं यंदा मेज मांडलें त्या घरचें माणूस पुढें दुसऱ्याच्या मेजावर संत होऊन बसे. दुष्काळाच्या मुलुखांत आज देणारा उद्यां घेणारा होऊं शकतो, ही जाणीव ज्याला आहे तोच घेणाराच्या हातीं काठी देईल. ज्या विधीनें वर्षांतून एकदां तरी उलटा क्रम डोळ्यांना दाखविला, त्यानें क्रम बदलतां येतो ही गोष्ट लोकांना विसरूं दिली नाहीं. कायद्याचें काम विधि करीत नाहीं हें खरें. पण कायद्यानें हक्क मिळतो, आदर मिळतोच असें नाहीं. आणि आदर कसा द्यावा हें शिकविण्यास कांहीं तरी चाल लागतेच.

आतां दिवस पालटले आहेत. १९७७ मध्यें इटालियन सरकारनें १९ मार्चची राष्ट्रीय सुटी काढून टाकली. तो दिवस आतां तेथें वडिलांचा दिवस म्हणूनही पाळतात. मेजें अजून मांडलीं जातात; पण त्यांवर बसणारे पुष्कळदां यजमानाचेच आप्त वा स्नेही असतात, आणि तीं पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येतात. चीचेरी ए त्रिया लेच्चेच्या खाणावळींत पैसे देऊन मिळते, व ती मागविणारा गरीब नसतो. संतांच्या जागीं बसविण्याजोगा गरीब गांवांत उरला नाहीं म्हणून असें झालें असतें, तर त्याहून आनंदाची गोष्ट कोणती? परंतु तसें झालेलें नाहीं. सालेंतोंतीलच नार्दो गांवच्या शिवारांत २०११ च्या उन्हाळ्यांत शेतमजुरांनीं संप केला. हे मजूर बहुतेक आफ्रिकेंतून आलेले होते. त्यांत जसे सहाराच्या दक्षिणेकडचे होते तसे ट्यूनिसियाचेही होते. मुकादम त्यांच्या मजुरींतून आपला हिस्सा कापून घेत. त्यांच्या लढ्यानें ह्या प्रश्नाला वाचा फुटली, आणि २०१६ मध्यें अशा मुकादमीविरुद्ध इटलीनें कडक कायदा केला. चौकांतला जुना मजूर गेला. त्याच्या जागीं समुद्रापलीकडून नवा आला. त्याच्यांतील कित्येकांची मातृभाषा अरबी आहे. ज्या भाषेनें ह्या प्रांताला 'त्रिया' हा शब्द दिला तीच ही भाषा!

आमचे दोन प्रश्न येथें एकत्र येतात. हा पदार्थ कोणाचा, असें विचारलें तर रोमन म्हणेल माझा, ग्रीक म्हणेल माझा, अरब म्हणेल माझा. आणि तिघेही थोडथोडें खरें बोलतील. ही पंगत कोणासाठीं, असें विचारलें तर उत्तर विधीनेंच देऊन ठेवलें आहे: गांवांत ज्याला बसावयास दुसरी जागा नाहीं त्याच्यासाठीं. पदार्थ एकट्याचा नाहीं म्हणूनच पंगत सर्वांची होऊं शकते. हरभऱ्याचा उच्चार साधतो कीं नाहीं हें पाहून माणसाला मारतां येतें, आणि तेच हरभरे वाढून परक्याला संतही करतां येतें. दोन्ही गोष्टी एकाच दक्षिण इटलीच्या आठवणींत आहेत; कोणती पुढें चालवावयाची हें प्रत्येक पिढीला नव्यानें ठरवावें लागतें.

ह्या वर्षींही १९ मार्चला सालेंतोंतील एखाद्या घरीं एखादा म्हातारा ताटावर काटा वाजवील, आणि यजमान ताट बदलण्यास पुढें होईल. तो म्हातारा कोण असावा, इतकाच प्रश्न आहे. आमच्या गांवींही पंगती बसतात. वाढणारे आम्ही असतों, आणि बसणारे बहुधा आमचेच असतात. काठी कोणाच्या हातीं द्यावयाची, हें तेथेंही ठरावयाचेंच आहे.